स्वतः सव्वीस किलो उतरवले, मग आता ऑपरेशन कशाला?

पत्र मोठं आहे, ओळख पटेल अशा गोष्टी काढून थोडक्यात देते. लिहिणारी ४१ वर्षांची, नाशिककडची, पतसंस्थेत नोकरी, घरी नवरा, सासूबाई आणि १३ वर्षांची मुलगी. उंची १५७ सेंटीमीटर. दीड वर्षापूर्वी वजन ११८ किलो होतं, शुगर होती, आणि झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री सीपॅप मशीन लावायची वेळ आली होती. सर्जननी बॅरिॲट्रिक सर्जरी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोटावर करतात ते ऑपरेशन, सुचवली, आधी पाच-सात किलो उतरवून या म्हणाले. तिने डाएट सुरू केलं आणि ते असं लागू पडलं की चौदा महिन्यांत वजन ९२ वर आलं, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ८.९ वरून ६.४ झालं. गेले चार महिने मात्र काटा हलत नाहीये. सर्जन म्हणतात ऑपरेशनचा विचार अजूनही करा, फॅमिली डॉक्टर म्हणतात चाललंय तसंच चालू द्या, नवरा म्हणतो एवढं केलंस तर उरलेलंही करशील, सासूबाई म्हणतात धडधाकट पोट कापून कशाला घ्यायचं. वर मेडिक्लेमची अट आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३५ च्या खाली गेला की साडेतीन लाख खिशातून घालावे लागतील. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत: "ताई, जे मी जेवण सांभाळून करू शकले त्यासाठी पोट कापून घेणं म्हणजे हार मानणंच ना? आणि खरं सांगू का, महिनाभर डाएट सोडून वजन जरा वरच ठेवावं असंही मनात येतं, म्हणजे क्लेम तरी बसेल."

अगं, आधी तुझं कौतुक करू दे, कारण चार पानी पत्रात तू स्वतःचं कौतुक एका शब्दानेही केलेलं नाहीस. सव्वीस किलो म्हणजे तुझ्या मूळ वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. घरच्यांसाठी भजी तळायची, पतसंस्थेत कुणाचा ना कुणाचा वाढदिवस म्हणून टेबलावर पेढे आणि वेफर्स, आणि त्यातून स्वतःची अर्धी भाकरी, उसळ, ताक सांभाळत चौदा महिने काढायचे, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तू अगदी शेवटी ता.क. म्हणून लिहिलीयस. रात्री सगळे झोपले की तू ओट्यापाशी उभी राहून दाण्याचं कूट आणि गूळ खातेस, डब्यातूनच, चमच्याने, दिवा न लावता. "आधी असं नव्हतं, गेल्या तीन महिन्यांत सुरू झालंय, स्वतःची लाज वाटते." तू ही ओळ कबुलीजबाब दिल्यासारखी लिहिलीयस, पण मला त्यात तुझ्या शरीराचं म्हणणं दिसतं आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

वजन उतरलं की शरीर गप्प बसत नाही. ऑस्ट्रेलियात २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पन्नास जणांना दहा आठवडे कडक डाएटवर ठेवून वजन उतरवलं आणि नंतर वर्षभर त्यांच्या भुकेच्या हॉर्मोन्सवर लक्ष ठेवलं. एक वर्ष झालं तरी भूक वाढवणारं घ्रेलिन वरच होतं, पोट भरल्याचं सांगणारी हॉर्मोन्स खालीच होती, आणि त्या लोकांना भूकही आधीपेक्षा जास्त लागत होती. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी परत तपासलं तर बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं होतं, आणि त्यांचं शरीर आराम करताना जेवढ्या कॅलरीज जाळायला हवं त्याच्यापेक्षा दिवसाला साधारण ५०० कॅलरीज कमी जाळत होतं. म्हणजे बघ, जन्मभर ९२ किलोच असलेली बाई आणि ११८ वरून ९२ वर आलेली तू, दोघींना एकच ताट वाढलं तर तुझं पोट लवकर रिकामं होतंय असं तुला वाटणार आणि वर त्यातलं अन्न तुझ्या अंगी जास्त लागणार, हा अन्याय आहे पण तो तुझ्या स्वभावातला दोष नाही. रात्रीचा तो चमचा लाजेने सुरू झालेला नाही, भुकेने सुरू झालाय.

आणि तुझा इतिहास तूच लिहिलायस. २००९ मध्ये लग्नाआधी चौदा किलो उतरवलेस, मुलगी झाल्यावर वीस वाढले. २०१८ मध्ये दीक्षित सरांचं दोन वेळा जेवण सुरू केलंस, पंचावन्न मिनिटांत जेवण आटपायचं ते, एकोणीस किलो गेले, मग आईचं आजारपण, हॉस्पिटलच्या खेपा, पाठोपाठ लॉकडाऊन, आणि वजन सगळं परत येऊन वर आठ किलो जास्त. तू याला "दोनदा नापास" म्हणतेस. मी याला तीनदा पास म्हणेन, आत्ताचं धरून. उतरवायला तुला येतं हे तीनदा सिद्ध झालंय, त्यावर आता कुणी शंका घेऊ नये, तूही नको. टिकवणं हे वेगळं काम आहे, आणि नवरा म्हणतो ते "उरलेलंही करशील" हे उतरवण्याबद्दल आहे, टिकवण्याबद्दल त्याने काही म्हटलेलंच नाहीये. त्याचा हेतू चांगला आहे गं, पण रात्री साडेअकराला ओट्यापाशी तो नसतो.

म्हणून हार-जीत हा शब्द तू बाजूला ठेवावास असं मला मनापासून वाटतं. तू रात्री सीपॅप लावून झोपलीस तेव्हा श्वास स्वतःचा स्वतःला घेता येत नाही म्हणून हरले असं काही तुझ्या मनात आलं नाही, मशीन लावलं आणि सकाळी डोकं दुखायचं थांबलं याचाच आनंद झाला, तूच लिहिलंयस तसं. हे ऑपरेशनही त्याच जातीची मदत आहे. त्याचे मुख्य दोन प्रकार, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण पाऊण हिस्सा, खरं तर थोडा जास्तच, स्टेपल करून कायमचा काढून टाकतात, आणि त्या काढलेल्या भागातच घ्रेलिन सगळ्यात जास्त तयार होत असतं. बायपासमध्ये पोटाची छोटी पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात, त्याने पोट भरल्याची हॉर्मोन्स वाढतात. पोट लहान होतं म्हणून कमी जेवलं जातं हे खरंच, पण मोठा फरक पडतो तो मेंदूला जाणाऱ्या निरोपात. स्वीडनमध्ये १९८७ पासून अशी ऑपरेशनं झालेल्या दोन हजार लोकांवर आणि तशाच वजनाच्या पण ऑपरेशन न केलेल्या दोन हजार लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. ऑपरेशन झालेल्यांचं थोडं वजन परत आलं तरी बरंचसं उतरलेलंच राहिलं, दुसऱ्या गटाचं जवळपास होतं तिथेच राहिलं, आणि ऑपरेशनवाल्या गटात मृत्यूही कमी झाले.

पण थांब. एवढं वाचून तू लगेच तारीख घ्यायला निघू नकोस, कारण तुझ्या मनात याच्या उलटंही एक गृहीतक आहे, ते म्हणजे ऑपरेशन झालं की हे सगळं एकदाचं संपेल. तू लिहिलंयस, "रोज उठून मोजमाप करायचा कंटाळा आलाय, एकदा करून टाकलं की सुटले." इथे मला तुला माझ्या मावसभावाबद्दल सांगायचंय.

त्याने २०१४ मध्ये स्लीव्ह करून घेतली, १३४ किलो होता, वर्षात ८४ वर आला. ऑपरेशनला सहा महिने झाले असताना घरात एक मुंज होती, पंगत बसली, तो माझ्या शेजारीच होता. त्याला खरं तर बारक्या वाटीत आमटी आणि चार घास मऊ भात पुरायचे, तेही चावून चावून, वीस मिनिटं घेऊन. यजमान आग्रह करत आले, "अहो घ्या, तुमच्यासाठी खास गरम काढलीय," आणि पानात जिलबी पडली. नाही म्हणणं त्याला जमेना, त्यात गप्पा चालल्या होत्या, त्याने ती भरभर खाल्ली आणि वर मठ्ठा प्यायला. दोन मिनिटांत चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, तो उठून मांडवामागे हात धुवायच्या नळापाशी गेला आणि किती तरी वेळ नळाला धरून वाकून उभा होता. मी पाठीवर हात ठेवला तर शर्ट ओला चिंब. आत लोक म्हणत होते, बघा, अन्न पचत नाही आता त्याला. तसं काही नव्हतं, घाई झाली होती आणि जेवताना पातळ पिऊ नये हा नियम मोडला होता, एवढंच.

आज त्याचं वजन ९७ च्या आसपास आहे. शुगरची गोळी बंद आहे, गुडघे बरे आहेत, तो एकदाही म्हणाला नाही की का केलं. पण ८४ चे ९७ कसे झाले ते त्याने मला सांगितलं. दुकानात संध्याकाळी चहा आणि शेव-फरसाण, दर तासाला मूठभर. भाकरी दोन घासांत थांबवते, शेव थांबवत नाही, ती विरघळून पुढे जाते, तसंच आइस्क्रीम, तसाच मिल्कशेक. मधली दोन वर्षं त्याने व्हिटॅमिनच्या गोळ्याही सोडल्या होत्या, "आता बरा आहे ना" म्हणून, तर पायाला मुंग्या यायला लागल्या आणि तपासलं तेव्हा बी-१२ तळाला गेलेलं, मग इंजेक्शनं घ्यावी लागली. तर मोजमाप सुटत नाही गं. भूक शांत होते ही फार मोठी गोष्ट आहे, त्याने जागा मिळते, पण त्या जागेत काय भरायचं हे रोज तुलाच बघायचंय. चौदा महिने तू जे शिकलीस, हळू जेवणं, आधी उसळ मग भाकरी, चालणं, ते सगळं ऑपरेशननंतर जास्तच लागतं, आणि बहुतेकांना ते तेव्हा शिकावं लागतं, तुला आत्ताच येतंय. डाएट वाया गेलं का असं तू विचारलंस म्हणून हे सांगितलं.

मग आता तुझ्यासमोर काय काय आहे ते बघू. मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे, त्यामुळे औषधाचा आणि ऑपरेशनचा निर्णय तुझा आणि तुझ्या डॉक्टरांचा, मी फक्त तुझ्याबरोबर बसून विचार करतेय.

एक म्हणजे आहे तिथेच राहून बघायचं. ९२ हे वजन तुला अजून "जास्त" दिसतंय, कारण डोक्यात लग्नातलं ६४ आहे. पण ६४ यायलाच हवं असं कुठेही लिहिलेलं नाही. एचबीएवनसी ६.४ आहे, बीपी ठीक आहे, जिना चढताना धाप लागत नाही असं म्हणतेस, हे मोठं यश आहे आणि पुढची दहा वर्षं ९२ वर राहिलीस तरी मी त्याला यशच म्हणेन. प्रश्न एवढाच की ते कशाच्या जोरावर राहणार. दिवसभर अन्नाचाच विचार, रात्री अंधारात चमचा आणि सकाळी स्वतःला शिव्या, असं करून राहणार असेल तर ते फार काळ टिकणार नाही, आणि टिकलं तरी असं जगायला लागू नये तुला. हा मार्ग घेतलास तर एक रेघ आत्ताच आखून ठेव, म्हणजे दर रविवारी सकाळी वजन करायचं आणि ते ९६ च्या वर जाऊन दोन महिने तिथेच राहिलं तर स्वतःशी वाद न घालता सर्जनकडे जायचं. ११८ व्हायची वाट बघायची नाही. मागच्या दोन्ही वेळी तू डॉक्टरकडे गेलीस ती सगळं परत आल्यावर, "कोणत्या तोंडाने जाऊ" म्हणत.

दुसरं, भूक कमी करणारी इंजेक्शनं. याबद्दल तू लिहिलं नाहीस पण आता ती माहीत असायला हवीत. मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोवी जून २०२५ मध्ये, आठवड्याला एक टोचायचं. सव्वा-दीड वर्षात वेगोवीने सरासरी १५ टक्के आणि मौंजारोच्या मोठ्या डोसने २० टक्क्यांपर्यंत वजन उतरल्याचे अभ्यास आहेत. ज्याने वजन उतरवलंय पण भूक स्वस्थ बसू देत नाही अशा माणसासाठी हे विचारण्यासारखं आहे. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता होते, आणि घरात कुणाला थायरॉइडचा विशिष्ट कॅन्सर झालेला असेल किंवा तुला स्वतःला स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं. मोठी गोष्ट ही की बंद केलं की भूक परत येते, वेगोवीतलं औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्याच्या दोन तृतीयांश वजन परत आलेलं दिसलंय. म्हणजे वर्षानुवर्षं घ्यायची तयारी आणि तेवढे पैसे, दोन्हीचा हिशोब आधी करायचा. मेडिकलवाल्याकडून परस्पर मात्र आणायचं नाही, आणि मैत्रिणीचं उरलेलं पेन तर अजिबात नाही.

तिसरं ऑपरेशन. आता तुझं वजन उतरल्यामुळे तू त्यात बसतेस की नाही, ही भीती आधी काढून टाकते. जगभरातल्या बॅरिॲट्रिक सर्जनांच्या संघटनांनी २०२२ मध्ये निकष बदलले, बीएमआय ३५ च्या वर असेल तर दुसरा कुठलाही आजार नसला तरी ऑपरेशन सुचवता येतं, आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी तर २७.५ पासूनच विचार करायला सांगितलाय, कारण आपल्याकडे कमी वजनावरही शुगर लवकर येते. तुझा आत्ता ३७.३ आहे. युरोपातल्या सर्जनांच्या सूचनांमध्ये तर सरळ लिहिलंय की बीएमआय आत्ताचा किंवा पूर्वी नोंदवलेला, कुठलाही धरता येतो, आधीच्या उपचाराने वजन उतरलं म्हणून ऑपरेशन नाकारायचं नाही, आणि ज्यांचं चांगलं उतरलंय पण परत वाढायला लागलंय त्यांच्यासाठीही ते योग्य आहे. तुझ्यासारख्या लोकांचा विचार करूनच ते लिहिलंय. तेव्हा तुझे सर्जन "अजूनही करा" म्हणतात ते केवळ धंद्यासाठी, ही सासूबाईंची शंका मला पटत नाही. फॅमिली डॉक्टरही चुकीचे नाहीत, ते आजचे रिपोर्ट बघतायत, सर्जन पाच वर्षांनंतरचं बघतायत. दोघांनाही तुझा २००९ चा आणि २०१८ चा इतिहास तारखांसकट एका कागदावर लिहून दे, कारण माझा अंदाज आहे की फॅमिली डॉक्टरांना तो माहीतच नाही.

इन्शुरन्सचं मात्र नीट ऐक. आपल्याकडे मेडिक्लेम पॉलिसींमध्ये विमा नियामकाने ठरवून दिलेली अट असते, बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत गंभीर आजार, म्हणजे हृदयाचा विशिष्ट त्रास, तीव्र स्लीप ॲप्निया (तोच तुझा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास) किंवा ताब्यात नसलेली शुगर, आणि हे सगळं साधे उपाय करून यश आलं नाही तर. तुझी शुगर आता ताब्यात आहे. म्हणजे तू फक्त ३५ चा आकडा बघतेयस, तो तुझ्या उंचीला साधारण ८६ किलोवर येतो, पण आज ९२ वर असतानाही तुझा क्लेम स्लीप ॲप्नियावरच उभा आहे. तेव्हा पहिलं काम, स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, परत करून घे. सव्वीस किलो उतरल्यावर तो त्रास कमी झालेला असू शकतो, तसं निघालं तर तब्येतीसाठी आनंदाची बातमी आणि क्लेमसाठी अडचण, दोन्ही एकदमच. दुसरं, आधीच्या वजनाची प्रत्येक चिठ्ठी, जुने केसपेपर, डाएटिशियनची फाइल गोळा कर, तुझे घरच्या काट्यावरचे फोटो नकोत, दवाखान्याच्या शिक्क्याचे कागद. तिसरं, कंपनीचं उत्तर लेखी घे, ॲडमिशनच्या आधी, "फोनवर हो म्हणाले" याला काही अर्थ नाही. पॉलिसीत वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम मिळायच्या आधी थांबायची मुदत, असेल तर तोही बघ.

आणि वजन मुद्दाम वाढवायचं नाही. नाही म्हणजे नाही. महिनाभर सोडलंस तर तुझं शरीर तयारच बसलंय, ते दोन-चार किलोवर थांबणार नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहितीय? शिवाय सर्जन लोक ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे कमी कॅलरीजचं डाएट देतात ते लिव्हर बारीक व्हावं म्हणून, कारण पोटाच्या वरच लिव्हर असतं आणि ते चरबीने फुगलेलं असलं तर दुर्बिणीतून काम करणं अवघड होतं. आज तुझं लिव्हर बहुधा बारीक झालेलं असेल, शुगर ताब्यात आहे, म्हणजे ऑपरेशनसाठी तू दीड वर्षापूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहेस. क्लेमसाठी ते घालवायचं म्हणजे साडेतीन लाख वाचवायला स्वतःचा जीव जास्त धोक्यात घालायचा. क्लेम नाही बसला तर थांब, पैसे जमव, इंजेक्शनचं विचार, दुसऱ्या हॉस्पिटलचं एस्टिमेट घे, पण हे नको.

सर्जनला विचारायच्या गोष्टींत एक तुझ्याच पत्रातली आहे, तू ओझरती लिहिलीस, रात्री घशाशी आंबट येतं. हे त्यांना आवर्जून सांग. स्लीव्हनंतर हा त्रास बऱ्याच जणांचा वाढतो, म्हणून आधी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पोटाची तपासणी, करून मग स्लीव्ह की बायपास ठरवतात, बायपासमध्ये हा त्रास सहसा कमी होतो. "माझ्या मैत्रिणीने स्लीव्ह केली म्हणून मलाही तीच" असं ठरवायचं नाही. वर्षाला किती ऑपरेशनं करतात, स्टेपलच्या जागेतून गळती झाली तर काय करतात, पाच वर्षांनी किती पेशंट फॉलोअपला येतात, हे विचारायला लाजू नकोस. चांगल्या ठिकाणी जिवाचा धोका हजारात एकाच्या आसपास असतो, पित्ताशयाच्या ऑपरेशनसारखाच, पण शून्य नसतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, ते परत येतात. भराभर वजन उतरल्याने पित्ताशयात खडे होऊ शकतात, त्यासाठी काही महिने गोळी देतात. गोळ्या, कॅल्शियम, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, आणि रक्ततपासणी हे आयुष्यभराचं. तू शाकाहारी आहेस, दिवसाला साठेक ग्रॅम प्रोटीन त्या छोट्या पोटात कसं बसवायचं, मूग, पनीर, घट्ट दही, सोया, पावडर, हे ऑपरेशनच्या आधी डाएटिशियनबरोबर बसून प्रत्यक्ष आठवडाभर खाऊन बघ.

ऑपरेशन करायचं ठरलं किंवा नाही ठरलं तरी एका समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला त्या रात्रीच्या खाण्याबद्दल भेट. तू आईचं आजारपण आणि वजन एकाच वाक्यात लिहिलंस आणि पुढच्या वाक्यात आई गेल्याचं, आणि मग एकदम बीएमआय. मला तिथे थांबावंसं वाटलं. सगळी रात्रीची भूक घ्रेलिनचीच असेल असं नाही, आणि जी दुसरी आहे ती पोट लहान करून जात नाही.

लोकांना काय सांगायचं हेही विचारलंयस, "पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणून सांगू का". शेजारच्या काकूंना काहीही सांगितलं नाहीस तरी चालेल, तो तुझा हक्क आहे. पण ज्या घरात तू जेवणार त्या घराला खरं माहीत हवं, नाहीतर पहिल्याच महिन्यात सासूबाई प्रेमाने शिरा करून आणतील आणि तुला मुंजीतल्या माझ्या भावासारखं नळापाशी उभं राहावं लागेल. त्यांना सर्जनकडे एकदा बरोबर ने. धडधाकट पोट कापायचं ही त्यांची भीती खरी आहे, ती तू समजावून जाणार नाही, डॉक्टरने कागदावर चित्र काढून दाखवलं तर कदाचित जाईल. आणि लपवण्यासारखं यात काही नाही, नितीन गडकरींनी २०११ मध्ये हे ऑपरेशन करून घेतलं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

माझं मत विचारशील तर, तिसऱ्यांदा उतरवलेलं वजन, परत डोकं वर काढणारी भूक, शुगर आणि स्लीप ॲप्नियाचा इतिहास, हे बघता मी तुझ्या जागी असते तर ऑपरेशनचा दरवाजा बंद केला नसता. आधी स्लीप स्टडी आणि एंडोस्कोपी, मग इन्शुरन्सचं लेखी उत्तर, आणि तोपर्यंतचे दोन-तीन महिने वजन फक्त स्थिर ठेवायचं, उतरवायचं सुद्धा नाही. रात्री नऊला मुद्दाम ताटात वाढून घेऊन, खाली बसून, दिवा लावून काहीतरी खा, वाटीभर दही-दाणे चालतील. चार महिने तू पुरेसं जेवत नाहीयेस असं मला तुझ्या रोजच्या यादीवरून वाटतं.

आणि एक राहिलं. पत्राच्या तिसऱ्या पानावर तू सहज लिहून गेलीस की लेकही हल्ली अर्धी भाकरी ताटात ठेवून उठते, "बरंच आहे, माझ्यासारखं नको व्हायला तिचं." तेरा वर्षांची पोर आहे, तिची उंची वाढतेय, पाळी सुरू झाली असेल किंवा होत असेल, तिला ती भाकरी हवीय. ती दीड वर्ष तुला काट्यावर चढता-उतरताना बघतेय. काटा बाथरूममधून काढून कपाटात ठेव, तिच्यासमोर स्वतःच्या पोटाबद्दल, दंडांबद्दल बोलणं आजपासून बंद कर, आणि या आठवड्यात एकदा दोघीच जेवायला बसा. वजनाचा विषय काढू नकोस. शाळेचं विचार, मैत्रिणींचं विचार, आणि ती उठायला लागली की घाई नको गं, बस जरा, एवढंच म्हण.